चार बाटल्यांची पंगत

माझं नाक चांगलं आहे असं मला कोणीही कधी सांगितलं नव्हतं. हे माझं मीच ठरवलं. आणि एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही. आमच्या धंद्यात मागे हटलं की मागचा ट्रेलर ठोकतो.

मी परेश. पेणच्या खारेपाटातला आगरी. माझ्या बापाने, काळूरामने, जन्मभर मिठागरावर मीठ ओढलं, मी त्याच खाडीच्या कडेने कंटेनर ओढतो. अठरा ट्रेलर आहेत. गावात तीन मजली बंगला आहे, त्याला लिफ्ट आहे, आणि ती लिफ्ट माझी आई कमळ फक्त तांदळाची पोती वर न्यायला वापरते. स्वतः जिन्याने जाते. एवढं सगळं असून मला एका गोष्टीचा भयंकर राग यायचा. अलिबागला म्हणा, पेणला म्हणा, जरा बऱ्या लोकांत गेलो की माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे एकच विषय असायचा: डिझेल. काय परेशशेठ, डिझेल काय म्हणतंय? अरे, मला दुसरं काही कळत असेल असं तुम्हाला वाटतच नाही का? खरं सांगायचं तर कळत नव्हतंच. पण विचारायला काय जात होतं?

तीन वर्षांपूर्वी हर्षदसरांचं सामान मुंबईहून अलिबागला माझ्याच गाडीने आलं. सर जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. कमी बोलणारा, ताठ बसणारा माणूस. सामान लागल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि एका बाटलीतून थोडीशी व्हिस्की दिली. बाटलीवर ना हरीण, ना किल्ला, ना सोनेरी अक्षरं. नुसता पांढरा कागद आणि त्यावर हाताने लिहिलेले आकडे. मला वाटलं, हा माणूस कंजूष आहे, सुटी आणतो. मी ग्लास कोलाने काठोकाठ भरला.

सरांनी माझ्या हातातला ग्लास हळूच काढून घेतला, आत गेले, स्टीलच्या पेल्यात नुसता कोला घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही हे घ्या. हे तुम्हाला आवडेल."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मीही दोन घातल्या असत्या. अलिबागहून वडखळपर्यंत मी गाडीत एकटाच बडबडत आलो. त्या पेल्याने माझी तीन वर्षं खाल्ली.

नंतर मला कळलं ते असं. आपण पितो ती व्हिस्की म्हणजे पाच-पन्नास पिंपांतलं एकत्र करून, पाणी घालून, सगळीकडे चव सारखी करून भरलेला माल. सरांची होती ती सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातली. दुसऱ्या पिंपाचा थेंब नाही, सहसा वरून पाणी नाही, रंग नाही. एका पिंपात दोन-तीनशे बाटल्या निघतात, बाटलीवर पिंपाचा नंबर घालतात, आणि त्या संपल्या की ती चव जगातून गेली. स्कॉटलंडातली माणसं एकेका पिंपाजवळ तीस-तीस वर्षं थांबतात. मी घाटात पाच मिनिटं थांबत नाही.

मग माझा अभ्यास सुरू झाला. वही केली. वासाच्या छोट्या कुप्यांची पेटी मागवली. जे दिसेल त्याला नाक लावायला लागलो: सीटचं रेक्झिन, गुळाची ढेप, भिजलेलं सुतळीचं पोतं, नवा टायर, जुना टायर. ड्रायव्हर लोकांना वाटलं शेठ दारू पकडायला तोंडाचा वास घेत फिरतोय, तर दोघं पळून गेले. माझी बायको जागृती म्हणायची, तुमच्या नाकाखाली दूध करपतं तेव्हा कुठे असतं हो हे नाक? मी तिला म्हणायचो, ती वेगळी पातळी आहे. ती म्हणायची, व्हय, खालची.

हर्षदसरांचं एक मंडळ होतं. चारच माणसं. महिन्यातून एकदा बसायचे आणि एकेका पिंपाची व्हिस्की चमचा-चमचा चाखून त्यावर बोलायचे. सर, अलिबागच्या दातांच्या डॉक्टर मृणाल, आणि पेणला टाइल्सचं दुकान असलेले अल्पेशभाई. अल्पेशभाई घरी कांदासुद्धा खात नाहीत आणि उंबरठ्याबाहेर काहीही सोडत नाहीत. चौथे एक वकील होते, ते मुलाकडे कॅनडाला गेले आणि खुर्ची रिकामी झाली.

ती खुर्ची मला हवी होती. लाज सोडून सांगतो, बंगला बांधतानासुद्धा मला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी डिझेलचं विचारत नाही. त्याला विचारतात, तुम्हाला काय वाटतं? आमच्या भागात साहेबाला खूश करायचं तर जिताडा पोचवतात. तळ्यातला ताजा, दोन-तीन किलोचा मासा. मी सरांना सहा महिन्यांत अकरा जिताडे पोचवले. अकराव्याला सर म्हणाले, परेश, मासे पुरे, तुमच्या घरी एक बैठक करू.

बैठक म्हणजे परीक्षा. सर चार पिंपांतले चार नमुने, खोकल्याच्या औषधाच्या असतात तशा तपकिरी बाटल्यांत भरून, एक ते चार आकडे टाकून आदल्या दिवशी पाठवणार. मूळ बाटल्या सरांच्या कपाटात आणि उत्तर सरांच्या खिशात. एक नमुना नऊ वर्षांचा, एक एकतीस वर्षांचा, बाकीचे दोन मधले. त्यांतला एक धुराचा, म्हणजे धुरावर सुकवलेल्या धान्याचा, आणि एक शेरी दारूच्या पिंपात मुरलेला. कुठला कुठला ते उमेदवाराने चाखून सांगायचं. रंग बघून कोणी अंदाज बांधू नये म्हणून ग्लाससुद्धा गडद निळ्या काचेचे. ते मी मुंबईहून सोळा मागवले.

जानेवारीतला रविवार ठरला, दुपारी चारची वेळ. सरांची एकच अट: घरात कसलाही वास नको. अगरबत्ती नको, अत्तर नको, फोडणी तर नकोच. आगऱ्याच्या घरात रविवारी मासळीचा वास नको म्हणजे काय, हे सरांना कोण सांगणार? मी आईला सांगितलं की साडेपाचपर्यंत चूल बंद. पाहुणे गेटातून आत येतील आणि घरात चूल बंद असेल, हे ऐकून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

आता माझ्या आईचं सांगितलं पाहिजे. गावात हळद असो, बारसं असो, वर्षश्राद्ध असो, वाढपाचा डाव चाळीस वर्षं तिच्या हातात आहे. तिच्या पंगतीला पंक्तिप्रपंच होत नाही. एकाच ओळीत बसलेल्यांत एकाला बरं आणि एकाला कमी वाढणं, हे तिच्या लेखी चोरीपेक्षा वाईट. चोराला निदान भूक असते, म्हणते. एका हळदीला वाढप्याने सरपंचांच्या ताटात मटणाचे दोन तुकडे जास्त टाकले. आईने तीनशे माणसांसमोर ते ताट उचलून बाजूला ठेवलं, नवं ताट आणलं आणि त्यांना बाकीच्यांइतकंच वाढलं. सरपंच पुढच्या निवडणुकीत पडले. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण गावात लोक अजून जोडतात.

त्या रविवारी तीन वाजता मी हॉलमध्ये टेबल मांडत होतो. चार खुर्च्या, प्रत्येकीसमोर चार निळे ग्लास, मधे चार तपकिरी बाटल्या. डोकं तापलेलं होतं, कारण एका ग्लासावर बोटाचा डाग राहत होता आणि तो माझ्याच बोटाचा होता. आई हात पुसत आली आणि विचारलं, ह्या चार कोनाकोनाच्या? मी न बघता उत्तर दिलं. म्हटलं, तुला नाही कळायचं, सगळ्या वेगळ्या आहेत, यातली एक एकतीस वर्षांची, एक नऊ वर्षांची, हात लावू नको. आणि पाहुण्यांना घ्यायला वडखळ नाक्यावर गेलो, कारण आमच्या गावाचा फाटा मोबाइलच्या नकाशाला सापडत नाही.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा तुम्हाला आरामात बसून बघता येईल.

आईने हिशेब केला: माणसं चार, बाटल्या चार. म्हणजे प्रत्येकाला एक. म्हणजे एकाच टेबलावर एकाला एकतीस वर्षांची आणि एकाला नऊ वर्षांची, आणि ते तिच्या घरात. तिनं एक थेंब बशीत काढून बघितला, मग दुसऱ्या बाटलीतला. एक चहासारखी काळी आणि एक जवळजवळ पाण्यासारखी. मग तिची खात्रीच पटली. तिनं धुतलेला, पुसलेला, कोरडा टोप घेतला. चारही बाटल्या त्यात ओतल्या. डावाने ढवळल्या. आणि नरसाळं लावून चारही बाटल्या परत भरल्या, चौघींची पातळी एका रेषेत, टेबलावर एक थेंब सांडला नाही. बुचं लावली, आकडे समोर करून ठेवल्या. तिचं काम नेहमीच नेटकं असतं.

चार वाजता आम्ही बसलो. मी पांढरा सदरा घातला होता. आवाजसुद्धा धुऊन आणला होता. गावात मी "मना वार" म्हणतो, या लोकांसमोर "मला वाढ" म्हणतो, आणि त्या दिवशी तर मधेच "मज" म्हणून गेलो.

सरांनी सुरुवात करायला सांगितलं. मी पहिल्या बाटलीतली थोडी सगळ्यांच्या पहिल्या ग्लासात ओतली. व्हिडिओत शिकलो होतो तसा ग्लास तिरका धरला, तोंड किंचित उघडं ठेवलं, डोळे मिटले आणि म्हटलं की यात ओल्या दोरखंडाचा वास आहे, खाडीच्या तोंडाशी कोणीतरी शेकोटी केली आहे आणि वारा आपल्याकडे आहे. हा धुराचा नमुना.

सरांनी मान हलवली. बरोबर, की चूक, काही कळेना. पण हलवली.

मग दुसरी. दुसरीत मला मनुका आल्या, जुनं कातडं आलं, आजोबांच्या लाकडी कपाटाचा वास आला. माझ्या आजोबांकडे कपाट नव्हतं, खुंटी होती, त्यावर त्यांची लंगोटी असायची. तरी मला कपाट आलं. म्हटलं, ही शेरीची, शंकाच नाही. अल्पेशभाई म्हणाले, आपल्याला तर दोन्ही मस्त लागते, परेशशेठ. मी त्यांच्याकडे मोठ्या भावाने बघावं तसं बघून हसलो.

डॉ. मृणाल जरा वेळ दुसरा ग्लास नाकाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं की दुसऱ्यातही धूर जाणवत नाही का? आता ऐका मी काय केलं. ज्या बाईने बारा वर्षं हे शिकण्यात घालवली, तिला मी म्हटलं, छे हो डॉक्टर, तो पहिल्याचा तुमच्या नाकात राहिलाय, पावाचा एक तुकडा खा. आणि पावाची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी तुकडा घेतला. खाल्लासुद्धा.

तिसरीत व्हॅनिला आणि पिकलेला पेरू. म्हटलं, ही तरुण आहे, उड्या मारते, नऊ वर्षांची. चौथीला मी बराच वेळ घेतला. चौथी जिभेवर ठेवून खिडकीबाहेर खाडीकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की ही शांत आहे, हिला कोणाला काही सिद्ध करायचं नाही. एकतीस वर्षं. हे वाक्य मी आठ दिवस आधी तयार केलं होतं, कुठल्यातरी बाटलीला लावायचंच म्हणून.

तिघंही आपापल्या ग्लासांकडे बघत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो. हे लोक हादरलेत. खारेपाटातल्या माणसाला एवढं नाक असेल असं यांना वाटलं नव्हतं. मी खुर्चीत मागे टेकलो, म्हणजे जी अजून माझी नव्हती त्या खुर्चीत.

सरांनी आपले चारही ग्लास ओळीत लावले. ड्रॉपरने प्रत्येकात दोन-दोन थेंब पाणी सोडलं. परत पहिल्यापासून वास घेतला, मग उलट्या क्रमाने घेतला. मग विचारलं की चारांत फरक किती वाटतो. मी म्हटलं, जमीन-अस्मानाचा, सर.

"परेश," सर म्हणाले, "या चारही ग्लासांत एकच आहे."

मी हसलो. मला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असेल. पण डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलाकडे बघत होत्या. सर शांतपणे सांगत होते की चारही नमुने त्यांनी स्वतःच्या हाताने भरले, त्यांत एकच धुराचा होता, आणि आता धूर चारांतही आहे, सारखाच आहे. म्हणजे कोणीतरी ते या घरात एकत्र केलेत. रागावले नव्हते ते. जहाजाचं इंजिन का बंद पडलं हे शोधावं तसे शोधत होते.

खरं तर त्या वेळी हसायला हवं होतं. पोपट झाला तर झाला, कान धरून म्हणायचं होतं की सर, माझ्या नाकाने आज चार कांदे सोलले आणि चारही एकच निघाले. अल्पेशभाई पहिले हसले असते. पण मला एवढं शहाणपण कुठलं? मी पांढऱ्या सदऱ्यात घामाने भिजलो होतो आणि मला फक्त एवढंच सुचलं की ज्याने हे केलं त्याच्यावर ओरडावं. मी तिथूनच आतल्या दिशेने ओरडलो.

आई आली. मागोमाग जागृती आली आणि दारात थांबली. आईने पदर खांद्यावरून घेतला होता, पाहुण्यांसमोर घेते तसा. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट कौतुक करायला बोलावलंय असं वाटून ती आली होती, हे आता आठवतं तेव्हा मला बसवत नाही.

मी विचारलं की बाटल्यांना कोणी हात लावला. ती म्हणाली, मी. आणि माझ्याकडे न बघता, सरांना सांगायला लागली.

"येक काली व्हती चायसारकी नि येक पान्यासारकी. तुमी चौघं येका पंक्तीन बसनार. येकाला येकतीस वर्साची नि येकाला नऊ वर्साची? माज्या घरान तसं वारत न्हाय. मिठागराच्या शेठच्या घरा आमाला तसं वारलेलं, लगनान. त्याच पंक्तीन. मी न्हान पोर व्हती, पन मना ठावं हाय कसं लागतं तं. म्हनून समदी येक केली. आथा सगल्यांना सारकी हाय."

हे शेठच्या घरच्या लग्नाचं मी पन्नाशीला आलो तरी मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिनं ते त्या दिवशी परक्या माणसांना सांगितलं, कारण त्यांना आपल्या घरात कमी-जास्त वाढलं गेलं असं वाटू नये.

सर पुढे झुकून ऐकत होते. डॉक्टरांनी हातातला ग्लास खाली ठेवला. काहीतरी बोलणार होत्या त्या, मला दिसलं. पण मीच आधी बोललो. मी त्यांच्याकडे वळून, त्यांच्यातला होऊन, हसत म्हटलं,

"सॉरी हां सर. आमची म्हातारी अडाणी आहे. तिला काय कळतंय यातलं?"

कोणीही हसलं नाही. अल्पेशभाईसुद्धा नाही, आणि तो माणूस टाइल फुटली तरी हसतो.

आईने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ती पाहुण्यांना म्हणाली की आथा साडेपाच वाजले, चूल पेटवते, जेवल्याबिगर कोनी जायाचं न्हाय. आणि आत गेली. जागृती अजून दारात होती. तिनं मला एक शब्द ऐकवला नाही. एरवी दूध करपलं तरी दहा ऐकवते.

मी काय बोललो ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतरबिंतर नाही. कळलं, आणि तरी मी उठून आत गेलो नाही. मी चौथा ग्लास उचलला आणि उरलेलं एका घोटात प्यायलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

सरांनी निकाल गेटाजवळ सांगितला. जेवण व्हायचं होतं तोवर आम्ही दोघं बांधापर्यंत पाय मोकळे करायला निघालो होतो. ते म्हणाले, खुर्ची सध्या रिकामीच राहू दे. मी म्हटलं, नाक नाही ना मला? ते म्हणाले की नाक हा प्रश्नच नव्हता. अल्पेशला तीन वर्षांत एकही वास आला नाही आणि तो दर वेळी तसं सांगतो, म्हणून तो मंडळात आहे. बांधावर वारा सुटला होता. खरं सांगतो, मला त्या खुर्चीचं वाईट वाटायला हवं होतं, तीन वर्षं गेली होती तिच्यात. पण माझं सगळं लक्ष बंगल्याच्या मागच्या खिडकीकडे होतं. तिथे आईचा हात दिसत होता, भाकरी थापणारा.

साडेसहाला तिनं पानं घेतली. टेबलावर नाही, पडवीत, चटईवर एका ओळीत. सर गुडघे सांभाळत बसले, मग डॉक्टर, मग अल्पेशभाई, मग मी. जागृतीने स्टीलची ताटं मांडली. आई टोप घेऊन आली आणि वाकून एकेकाला वाढायला लागली: तांदळाची भाकरी, जिताड्याचं कालवण, एक तुकडी, वर रस्सा. सरांना एक तुकडी. डॉक्टरांना एक तुकडी. अल्पेशभाईंना एक तुकडी. तिचा डाव प्रत्येक ताटात तेवढाच रिकामा होत होता.

माझ्यासमोर ती थांबली. माझं स्टीलचं ताट तिनं उचलून जागृतीच्या हातात दिलं, जागृतीला काही समजेना. मग आई आत गेली आणि चिनी मातीची मोठी प्लेट घेऊन आली. आमच्या लग्नात आलेल्या सेटमधली. त्यात तळहाताएवढी मोठी, तुपावर परतलेली जिताड्याची मधली तुकडी, शेजारी लिंबाची फोड, बारीक तांदळाचा मोकळा भात, आणि काटा-चमचा. ते सगळं तिनं माझ्यासमोर ठेवलं. जागृती माझं रिकामं ताट हातात धरून तिथेच उभी राहिली. मी चाळीस वर्षांत या बाईच्या पंगतीत दोन ताटं वेगळी बघितली नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या, बघा, आईंचा जीव कसा आहे मुलावर. अल्पेशभाई म्हणाले, शेठ, तुमची तर मजा आहे, आम्हाला रस्सा आणि तुम्हाला राजासारखं. सरसुद्धा माझ्या प्लेटकडे बघून हसले. मीही हसलो. त्या ओळीत मी एकटाच होतो ज्याला कळत होतं की मला पंगतीतून उठवलंय.

घास तोंडात घेतला. मग दुसरा नाही घेता आला. ते तिघं बोटांनी रस्सा चाटत होते, भाकरी मोडत होते, एकमेकांच्या ताटात बघायचं त्यांना कारण नव्हतं. मी काटा खाली ठेवला. आई टोप घेऊन ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून परत येत होती. पाहुणे ऐकतायत याची मला पर्वा उरली नव्हती.

"आये," मी म्हटलं, "मना बी तेच वार ना."

ती माझ्यासमोर आली. टोप तिच्या कमरेशी होता आणि मी खाली बसलेलो, तरी कालवणाची वाफ माझ्या तोंडावर येत होती.

"सरलं," ती म्हणाली.

मग ती एक पाऊल मागे सरकली, वाकली आणि त्याच टोपातून अल्पेशभाईंना परत वाढलं.